घोळीची भाजी आणि ऑलिव्हचे तेल

या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी पिंपळवंडीचे एक पत्र गेले पंधरा दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. लिहिणारे साठी ओलांडलेले शेतकरी आहेत. पुण्यात त्यांची अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ लिहून दिली, "भूमध्य सागरी आहार घ्या." मुलाने लगोलग शहरातून ऑलिव्ह तेलाची बाटली आणली. आता घरात दोन भाज्या होतात. एक त्यांची बाटलीतल्या तेलाची, दुसरी बाकीच्यांची. पत्राच्या शेवटी ते विचारतात, "डॉक्टरसाहेब, हा आहार आमच्याकडे पिकतो का? आणि पिकत असेल तर तो विकत कशाला आणायचा?"

असा प्रश्न शेतकरीच विचारू शकतो. म्हणून आजचा सगळा लेख त्याच्यावरच.

आधी हे भूमध्य प्रकरण काय ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत खाऊन-पिऊन सुखी असलेली, चाळिशी-पन्नाशीतली धडधाकट माणसे हृदयविकाराने पटापट जाऊ लागली. अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 1958 पासून सात देशांतील सुमारे 12,700 पुरुषांची पाहणी सुरू केली. कोण काय खातो, कोणाचे कोलेस्टेरॉल किती, कोण कशाने जातो, याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. हृदयविकाराने सर्वात जास्त माणसे गेली ती पूर्व फिनलंडमध्ये आणि सर्वात कमी गेली ती ग्रीसच्या क्रीट बेटावर. फिनलंडचा गडी लाकूडतोड्या, अंगाने दणकट. लोणी, मलईचे दूध आणि मांस हे त्याचे खाणे. क्रीटचा माणूस गरीब शेतकरी. भाकरीसारखा जाडाभरडा पाव, कडधान्ये, ढीगभर पालेभाजी, फळे, ऑलिव्हचे तेल, कधीतरी मासळी आणि मांस सणासुदीला. स्वतः कीज पुढे इटलीतील पिओप्पी या समुद्रकाठच्या खेड्यात घर करून राहिले आणि 2004 साली वयाची शंभरी पूर्ण करून गेले. एका माणसाच्या आयुष्यावरून काही सिद्ध होत नाही, पण गडी बोलला तसा वागला एवढे खरे.

या आहाराचे नाव घेतले की आपल्याकडे फक्त तेलाची बाटली डोळ्यांपुढे येते. दुकानदाराला तेच हवे असते. पण क्रीटच्या शेतकऱ्याच्या ताटात तेलाइतकीच मोठी गोष्ट होती ती पाला. घराभोवतीच्या वाफ्यातला आणि डोंगर-बांधावरून खुडून आणलेला. अशा रानभाज्यांना ते 'होर्ता' म्हणतात. त्यात एक भाजी अशी आहे की नाव ऐकून वाचक हसतील. ती म्हणजे घोळ. होय, आपल्या कांद्याच्या वाफ्यात आणि टोमॅटोच्या सरीत जी जाड, गुळगुळीत पानांची घोळ आपण खुरपून बांधावर फेकतो, तीच तिकडे कोशिंबिरीत कच्ची खातात. तिच्यात ओमेगा-3 जातीची स्निग्धाम्ले पालेभाज्यांच्या मानाने भरपूर असतात, हे 1986 सालीच वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आहे. आमच्या आज्या तिची डाळ घालून भाजी करत. आजच्या सुनेला ती ओळखता येत नाही, यात तिचा काही दोष नाही. तिच्या सासूनेही ती गेल्या वीस वर्षांत केलेली नसते.

हे झाले जुने निरीक्षण. पुढे स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या जवळपास 7,500 लोकांवर मोठा प्रयोग झाला. काहींना भूमध्य पद्धतीचा आहार आणि ऑलिव्ह तेल, काहींना तोच आहार आणि मूठभर सुकामेवा, उरलेल्यांना फक्त स्निग्ध पदार्थ कमी करण्याचा सल्ला. 2013 साली निष्कर्ष आला की पहिल्या दोन गटांत हृदयविकार, पक्षाघात आणि त्यामुळे होणारे मृत्यू मिळून साधारण 30 टक्क्यांनी कमी झाले. गट पाडण्यात काही ठिकाणी चुका झाल्याचे आढळल्यावर संशोधकांनी तो निबंध मागे घेऊन 2018 साली पुन्हा हिशेब करून छापला. उत्तर जवळजवळ तेच राहिले. आपल्या देशातही मुरादाबादला 'भारतीय-भूमध्य' आहाराचा एक प्रयोग झाला होता आणि 2002 साली तो गाजला. परंतु त्याच्या आकडेवारीबद्दल ज्या नियतकालिकाने तो छापला त्यानेच 2005 साली शंका नोंदवली. म्हणून देशाभिमान बाजूला ठेवून मी त्याचा आधार घेत नाही.

मला जास्त शिकण्यासारखे वाटते ते फिनलंडचे. हृदयविकाराने सर्वात जास्त पोळलेला तो देश. तिथल्या नॉर्थ करेलिया या जिल्ह्यात 1972 साली लोकांनीच सरकारकडे मागणी करून मोहीम सुरू करायला लावली. डॉ. पेक्का पुस्का हे तिचे प्रमुख. त्या बर्फाळ मुलखात ऑलिव्ह उगवत नाही. त्यांनी ऑलिव्ह लावायचा हट्ट धरला नाही. लोण्याच्या जागी आपल्याच देशात पिकणाऱ्या मोहरीच्या जातीच्या बियांचे तेल आणले, दूध-लोण्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यांना तिथे येणारी बोरांसारखी आंबटगोड फळे लावायला मदत केली, मीठ कमी केले, सिगारेटी कमी केल्या, गृहिणींच्या मंडळांना हाताशी धरून भाजी घालून रस्से करायला शिकवले. चाळीस वर्षांत त्या जिल्ह्यातील कामाच्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटले. औषधोपचारही सुधारले होते, तो वाटा वेगळा. पण मोठा वाटा खाण्या-पिण्याच्या आणि विडी-काडीच्या बदलाचा होता.

तेव्हा पत्रलेखकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की ऑलिव्ह आपल्याकडे पिकत नाही, पण आहार पिकतो. जवळजवळ सगळा पिकतो.

आता आपल्या ताटाकडे येऊ. दवाखान्यात मी प्रत्येक मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णाला काल काय खाल्ले ते विचारतो. उत्तर ठरलेले असते. सकाळी चहा आणि खारी किंवा बटर. दुपारी तीन भाकरी किंवा पाच चपात्या आणि कोरड्यास. कोरड्यास काय? बटाटा. किंवा पिठले. किंवा 'रस्सा केला होता'. पालेभाजी कधी खाल्ली? "परवा मेथी होती की!" किती? चार माणसांत एक जुडी. आमच्या भाषेतच पाहा ना, मुख्य जेवण भाकरी, आणि तिच्या घशाखाली उतरण्यापुरते जे काही लावायचे ते कोरड्यास. क्रीटच्या माणसाचे तसे नव्हते. त्याच्या ताटात पावाबरोबर भाजी, फळे आणि कडधान्य यांनाही मोठी जागा होती.

कोणी म्हणेल, आमचे पूर्वज तीन-तीन भाकऱ्या खाऊन ऐंशी वर्षे जगले. काही जगले, पुष्कळ लवकर गेले, त्यांची नावे आपल्याला आठवत नाहीत इतकेच. शिवाय ते पाभर धरत, मोट हाकत, बाजाराला पायी जात. आज आळेफाट्याला जायला मोटारसायकल आणि शेताला पाणी द्यायला मोबाइलवरून मोटार चालू. भाकरी तेवढीच राहिली, ती जिरवणारे काम गेले. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत 10 कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. हा आता शेटजींचा रोग उरलेला नाही. ऊसतोडीवरचा माणूसही साखर तपासून घ्यायला येतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली नवे आहारमार्गदर्शन दिले. साधारण 2,000 उष्मांक लागणाऱ्या माणसाने दिवसाला धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्ये 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम, शेंगदाणे-तीळ-सुकामेवा 35 ग्रॅम, दूध 300 मिलिलिटर आणि तेल 27 ग्रॅम, असे ते माप आहे. हे माप आणि भूमध्य आहार यांत मला फारसे अंतर दिसत नाही. यातील 400 ग्रॅमवर बोट ठेवा. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो भाजी. महिन्याला साठ किलो! आठवडे बाजारातून पिशवीभर भाजी आणणाऱ्या कोणत्या घरात एवढी भाजी येते? भाव चढले की पहिली कात्री पालेभाजीलाच लागते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की आमच्या भागात हा आहार बाजाराच्या भरवशावर होणार नाही. त्याला परस लागेल.

आणि हा भाग कोणता? जुन्नर तालुका. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही चार धरणे याच तालुक्यात आणि पाचवे डिंभे शेजारच्या आंबेगावात. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो देशभर जातो, ओतूरचा कांदा जातो, द्राक्षे परदेशी जातात. एवढी भाजी पिकवणाऱ्या तालुक्यातील माणसाच्या ताटात बटाटा असावा, याला काय म्हणावे? कारण उघड आहे. एकरभर टोमॅटो म्हणजे घराला भाजी नव्हे. ती पैशाची बाब आहे. भाव असला तर क्रेट भरायची घाई, नसला तर रस्त्याच्या कडेला ओतायची पाळी.

शिवाय फवारणी. 2010 साली महाराष्ट्रातील द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश सापडला आणि युरोपात माल अडकला, बागाईतदारांचे कोट्यवधींचे नुकसान झाले, ते अनेकांना आठवत असेल. तेव्हापासून युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची तपासणी आणखी कडक झाली. युरोपच्या माणसाच्या तोंडात जाणारा घड प्रयोगशाळेतून जातो. आपल्या बाजारातील वांगे कोणत्या प्रयोगशाळेतून जाते? माझ्याकडे येणारे कितीतरी बागाईतदार घरच्यासाठी दोन सऱ्या वेगळ्या, बिनफवारणीच्या ठेवतात, आणि हे सांगताना जरा खाली बघतात. मी त्यांना दोष देत नाही. त्या दोन सऱ्यांमध्येच खरे शहाणपण आहे; फक्त त्या प्लॉटाच्या मध्ये नकोत, कारण वारा फवारा घेऊन येतोच. त्या घराजवळ हव्यात.

घराजवळ जागा किती लागते? एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' चालवला, तेव्हा एका कुटुंबाने दहा गुंठ्यांत नीट जगावे असा हिशेब मांडून लोकांकडून प्रयोग करून घेतले होते. आपण एवढे मोठे बोलत नाही. फक्त भाजीपुरते बोलतो आहोत. अर्धा गुंठा, म्हणजे वीस बाय पंचवीस फुटांची जागा असली तरी आरंभाला पुष्कळ झाले. साठ किलो त्यातून निघतील असे वचन मी देणार नाही. पण बाजारात जी पहिली कापली जाते ती पालेभाजी, कोथिंबीर, मिरची, लिंबू, शेवगा आणि वेलभाज्या घरच्या झाल्या की उरलेले विकत घेणे जड जात नाही.

वाफा चार फुटांहून रुंद करू नये. दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे, म्हणजे आत पाय पडून माती दडपत नाही. उंच झाडे, शेवगा आणि पपई, उत्तरेच्या कडेला लावावीत. सावली वाफ्यावर येत नाही. कढीपत्ता आणि लिंबू कोपऱ्याला. वेलांना मांडव, त्यावर दोडका, कारले, घेवडा; भोपळा गोठ्याच्या पत्र्यावर चढवावा, त्याला कोणाची हरकत नसते. पालेभाजीत मुख्य चूक होते ती एकदम पेरण्याची. सगळी मेथी एका दिवशी पेरली की महिन्याने सगळी एकदम येते, शेजाऱ्यांना वाटून संपते, आणि पुढे दोन महिने वाफा रिकामा. मेथी महिन्याच्या आत, पालक महिन्या-सव्वामहिन्यात आणि कोथिंबीर सहा आठवड्यांत काढायला येते, तर दर दहा दिवसांनी हातभर जागेत थोडी थोडी पेरावी. पावसाळ्यात माठ, अंबाडी, गवार, भेंडी. थंडीत मेथी, पालक, मुळा, गाजर, पावटा. अवघड जातो तो उन्हाळा. तेव्हा तांदुळजा आणि घोळ साथ देतात, शेवग्याच्या शेंगा असतात आणि मोरीच्या पाण्यावर अळू तगते.

मोरीच्या पाण्याबद्दल डॉक्टर म्हणून दोन शब्द. अळू आणि केळ यांना आंघोळीचे पाणी चालते. कपड्याच्या सोड्याचे पाणी मातीला मारते, ते सोडू नये. आणि जे कच्चे खायचे, कोथिंबीर, मुळा, गाजर, टोमॅटो, त्याला मोरीचे पाणी अजिबात देऊ नये. ताजे शेणही घालू नये, पुरते कुजलेले खतच घालावे. जंताची अंडी आणि जुलाबाचे जंतू याच वाटेने घरात येतात. मावा पडला तर दहा लिटर पाण्यात अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. मात्र ज्या पंपाने तणनाशक मारले तो पंप परसात आणू नका, कितीही धुतला तरी. तणनाशक मारलेल्या रानातली घोळही खुडू नका.

बियाण्यासाठी लांब जायला नको. आपल्या तालुक्याला लागून अकोले तालुका आहे. तिथल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता गावरान वाल-घेवड्याच्या आणि कितीतरी भाज्यांच्या जाती जमवल्या, बीजबँक उभी केली आणि परिसरातील बायकांना परसबागा करायला लावल्या. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावरान बियाण्याचा फायदा असा की दर साली पुडी आणायला लागत नाही. पहिले निरोगी फळ वेलावर वाळू दिले की पुढच्या वर्षाची सोय झाली.

आमच्या भागापुरती एक सूचना, जी पुण्या-मुंबईच्या परसबागेच्या पुस्तकात सापडणार नाही. बिबट्या. ऊस वाढल्यापासून तो शिवारातच राहतो, वाड्या-वस्त्यांवर कोणकोणते प्रसंग ओढवले ते मी सांगायला नको. तेव्हा परसाच्या नावाखाली घराच्या भिंतीला लागून केळीचा गच्च बेट किंवा जमिनीवर पसरणारे वेलाचे रान करू नका. वेल मांडवावर चढवा, खालची जागा मोकळी आणि स्वच्छ ठेवा, परसात दिवा असू द्या, आणि भाजी खुडायला सांजवेळी लेकरांना पाठवू नका. खुडायची ती सकाळी चांगले उजाडल्यावर.

आता तेल. शेंगदाणा तेलात जवळजवळ निम्मा भाग त्याच जातीच्या स्निग्धाम्लाचा असतो ज्यासाठी ऑलिव्हचे कौतुक होते. ऑलिव्हमध्ये ते सत्तर टक्क्यांच्या आसपास, एवढाच फरक. शेंगदाण्यात ओमेगा-3 नाही. ते जवसात आहे, जवसाच्या तेलात निम्मे तेच. म्हणजे शेंगदाण्याचे तेल बेताने आणि रोज चमचा-दोन चमचे जवसाची चटणी, झाले काम. चटणीत मीठ मात्र जपून. मूठभर भाजलेले शेंगदाणे हा आपला सुकामेवा. बिनमांसाहारी नसाल तर धरणातला रोहू-कटला आठवड्यातून एक-दोनदा, तळून नव्हे, कालवणात. मटकी, मसूर, हुलगा रोज वाटीभर शिजलेले. आमच्याकडची मासवडी घ्या, आत तीळ, खोबरे, लसूण, शेंगदाणे, बाहेर बेसन. माल वाईट नाही. वर जो लाल तवंग असलेला रस्सा ओततात आणि तो भुरकत चार भाकरी जातात, तिथे गणित चुकते.

भूमध्य आहारात जेवणाबरोबर वाईनचा पेला असतो, हे वाचून काही मंडळींचे डोळे चमकतील. नारायणगावला द्राक्षाची वाईन 1980 च्या दशकातच निघू लागली होती, तेव्हा 'ही तर आपलीच' असेही कोणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्वच्छ सांगितले की दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. तेव्हा तेवढे एक भूमध्य समुद्रातच राहू द्यावे.

मला खरी काळजी आहे ती वेगळीच. परसातील भाजी कोणाच्या ताटात जाते? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांची पाहणी केली. खेडी आपल्यासारखीच, शेतकरी घरे, कामाला जाणाऱ्या बाया. तिथल्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी 2.7 किलोच्या घरात होते. 2001 साली त्यांनी जे छापले ते प्रत्येक सासूने ऐकावे असे आहे. आई एकूण किती खाते याचा बाळाच्या वाढीशी फारसा संबंध दिसला नाही. दिसला तो गरोदरपणात ती पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाते याच्याशी. आणि हीच कमी वजनाची, हाडकुळी दिसणारी बाळे अंगात चरबी राखून जन्मतात आणि मोठेपणी मधुमेहाच्या वाटेला लागतात, हेही याच मंडळींच्या कामातून पुढे आले. म्हणजे पिंपळवंडीच्या पत्रलेखकांच्या हृदयाची गोष्ट काही अंशी त्यांच्या आईच्या ताटात सुरू झाली असण्याची शक्यता आहे.

आमच्या घरांत वाढण्याचा क्रम ठाऊक आहे. आधी पुरुष, मग मुले, मग सासू, शेवटी सून. तिच्यापर्यंत पातेल्यात भाजी उरत नाही, रस्सा उरतो. कोणी मुद्दाम करते असे नाही. रीतच पडली आहे. दोन किलोचा हिशेब मी पाच माणसांचा केला. तो चौघांनीच संपवला तर परसाचा उपयोग काय? सुनेचे ताट आधी वाढून झाकून ठेवा, हा उपाय फुकटचा आहे.

तीच गोष्ट कामाची. परसबाग म्हटली की सभेत टाळ्या वाजतात आणि पाणी घालायचे काम घरातील बाईच्या डोक्यावर पडते. ती आधीच धारा काढते, स्वयंपाक करते, दुसऱ्याच्या कांद्यात रोजाने जाते. बचत गटांना परसबागा करायला लावण्याच्या मोहिमा झाल्या, अंगणवाडीत आणि शाळेत परसबागा झाल्या, हे चांगलेच आहे. पण स्पर्धा आली की वाफे सजतात, फोटो निघतात, आणि मार्चात पाहावे तर सुकलेल्या वांग्याच्या काटक्या उभ्या. ज्या घरात गडी माणसाने खड्डे काढले, मांडव घातला आणि पाण्याची नळी ओढली, त्या घरातली परसबाग तिसऱ्या वर्षीही हिरवी असते, असे मी पाहत आलो आहे. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टर रोज अर्धा तास चाला म्हणतात. चालून झाल्यावर खुरपे घेऊन अर्धा तास परसात बसायला काय हरकत आहे? पहिले दोन महिने जड घमेली उचलू नयेत, एवढे सांभाळावे.

आणखी एक गोष्ट दिसते, तिचे वाईट वाटते. नवे बंगले बांधताना परस सबंध सिमेंटने किंवा फरशीने झाकतात. चिखल नको, गाडी उभी राहिली पाहिजे. शंभर बॅगा सिमेंट लागले तर चार फूट पट्टी मातीची सोडायला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात. गवंड्याला आधी सांगितले पाहिजे, नंतर फरशी फोडायला कोणाचा हात उठत नाही. ज्यांना जागाच नाही त्यांनी गच्चीवर खताच्या रिकाम्या गोण्यांत पालक, मेथी, मिरची, पुदिना करावा. गोणी आधी स्वच्छ धुऊन घ्यावी.

शेवटी काही रुग्णांसाठी. गोळ्या चालू असतील त्या भाजी सुरू केली म्हणून बंद करू नका. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली आहे आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन किंवा अॅसिनोकुमॅरोलच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये. तिच्यातील 'के' जीवनसत्त्वाने गोळीचा असर उतरतो. खायची तर रोज सारखीच खावी आणि डॉक्टरांना सांगून रक्ताची तपासणी करून घ्यावी. अँजिओप्लास्टीनंतर दिल्या जाणाऱ्या अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलला ही अडचण नाही. मूतखडा वारंवार होणाऱ्यांनी घोळ, पालक आणि चुका जपून खावा. मूत्रपिंडाचे काम कमी झालेल्यांना शेवगा, पालक, टोमॅटो यांतील पोटॅशियम अपायकारक ठरू शकते. त्यांनी किती आणि कोणती भाजी घ्यायची ते आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे, आणि ज्या घरात असा रुग्ण आहे तिथे परसात काय लावायचे तेही त्या कागदाकडे पाहून ठरवावे.